आधी उचलायचा माणूस

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. डोंगरावरचं गवत आधी पिवळं, मग पांढरं पडलं आणि शेवटी पायाखाली काचेसारखं मोडायला लागलं. पलीकडच्या डोंगरावर दिवसाढवळ्या धुराची रेघ दिसायची. वारा फिरला की जळका वास चुलीपर्यंत यायचा आणि गावातली कुत्री नाक वर करून उभी राहायची. हा वास सगळ्यांत आधी यायचा तो गावाच्या वरच्या टोकाच्या घरात. त्या घरामागे घायपाताचं बेट होतं आणि बेटामागे नुसतं रान.

त्या घरात दोर वळणारा थोरला आणि त्याची आई, दोघंच राहायची. थोरल्याचे पाय लहानपणी तापात गेले होते. गेले म्हणजे अंगाला चिकटून होते, पण त्याचं ऐकत नव्हते. गाव त्याला बैठ्या म्हणायचं. तोंडावर म्हणायचं आणि तोही ओ द्यायचा. चाळिशी उलटली होती. कमरेच्या वर मात्र तो पैलवान होता. मनगटं लोहारासारखी, मान बैलासारखी. सरकत सरकत अंगणभर फिरायचा, त्यापलीकडे कुणी नेलं तरच जायचा.

आई सकाळीच बेटात जाऊन पानं कापायची आणि काट्यांनी हात ओरबाडून घेत भारा डोक्यावरून आणायची. दोघं मोगरीने ती पानं ठेचायची आणि अंगणातल्या टाकीत कुजत घालायची. टाकी जमिनीत पुरलेली, कडा सिमेंटच्या. आतलं पाणी काळं, आणि वास असा की एकदा आलेला पाहुणा परत यायचा नाही. कुजून सुटलेला धागा, म्हणजे वाख, धुवायचा, वाळवायचा, विंचरायचा आणि मग थोरला पीळ द्यायला बसायचा. दोराचं टोक तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधायचा. कितीही ओढलं तरी अंगठा दुखत नव्हता.

"देवाने दोन खुंट्या फुकट दिल्यात," तो म्हणायचा.

अंगठ्याला खाच पडली होती. कधी रक्त यायचं, तेही त्याला दिसलं तरच कळायचं. संध्याकाळी आई तिथे तेल लावायची आणि लावताना त्या पायाशीच बोलायची, जणू ते वेगळंच कोणी होतं.

धाकटा भाऊ लग्नानंतर खाली रस्त्याला घर बांधून राहिला होता. दगडाच्या खाणीत कामाला जायचा. अधूनमधून वर यायचा, हंडे भरून द्यायचा, वळलेले दोर बाजाराला न्यायचा. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता.

पलीकडच्या डोंगराखालची एक वस्ती जळाली तेव्हा तालुक्याच्या कार्यालयाला जाग आली. एक बाई गाडीतून आल्या आणि शाळेच्या कौलांवर भोंगा बसवून घेतला. भोंगा वाजला की सगळ्यांनी शाळेत यायचं. शाळा दगडी, भोवती मोकळं मैदान, वणवा तिथवर येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "स्वतःहून चालता येत नाही असं कोण कोण आहे?"

साऱ्या माना थोरल्याकडे वळल्या. त्या दिवशी भावाने त्याला बैलगाडीतून खाली आणलं होतं.

"दिव्यांग माणसांना आणि म्हाताऱ्यांना सगळ्यांत आधी हलवायचं," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांबरोबर नाही. आधी."

"बघा, कधी नव्हे तो पहिला नंबर आला," थोरला म्हणाला आणि लोक हसले. बाईही हसल्या.

लोहाराने एका जुन्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले. पुढे लोहार आणि दूधवाला, मागे धाकटा आणि खाणीतला त्याचा जोडीदार. चौघांनी थोरल्याला उचलून मैदानाला फेरी मारली. बाईंनी फोटो काढले.

"वरात निघाली बैठ्याची," कुणीतरी म्हणालं. "नवरी कुठाय?"

"भोंगा वाजला की येते," थोरला म्हणाला.

त्याला खरंच बरं वाटत होतं. माणसांच्या खांद्यांवरून त्याने गाव कधी बघितलं नव्हतं. लोकांचे चेहरे एरवी त्याच्या वर असायचे. आज त्याला लोहाराचं टक्कल दिसलं, दूधवाल्याच्या मानेवरचा मळ दिसला.

बाईंनी आईला सांगितलं, की दाराशी एक पिशवी भरून ठेवा. औषधं, पाण्याची बाटली, कपड्यांचा जोड, बॅटरी. आई मान डोलवत राहिली.

"आणि आजी, तुमचं काय? तुम्हाला धरायला कोण?"

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. बाईंनीही मग तिचा विषय सोडला.

*

पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा दुपारचं ऊन मी म्हणत होतं. लोहार भाता तसाच टाकून खुर्ची घेऊन धावत आला. दूधवाला आला. धाकटा आणि त्याचा जोडीदार खाणीतून आले, दोघांच्या पापण्यांवर दगडाची भुकटी. शब्दाला जागले सगळे. थोरल्याला उचललं आणि बघता बघता खाली नेलं. आई पिशवी घेऊन मागून पळत होती. शाळेत पोचणारा तो खरंच पहिला माणूस होता. रिकाम्या वर्गात त्याला खिडकीखाली बसवलं आणि चौघं आपापल्या घरच्यांना आणायला गेले.

संध्याकाळपर्यंत वर्ग भरला. गाठोडी, कोंबड्या, तान्ही पोरं, भांडी. आग अजून पलीकडच्या उतारावर होती. लोक दाराशी उभे राहून बघायचे आणि परत येऊन तेच तेच सांगायचे. गावातल्या एका आंधळ्या आजीला तिच्या सुनेने हाताला धरून आणलं होतं. ती थोरल्याशेजारी बसली आणि गप्पा मारायला लागली.

अडचण झाली ती संडासाची. मैदानाच्या कडेला होता, पायऱ्या चढून जायचं, आणि दार इतकं अरुंद की त्यातून एक माणूस दुसऱ्याला घेऊन जाणं शक्य नव्हतं. आई आणि धाकटा दोघांनी प्रयत्न केला. थोरल्याचा खांदा चौकटीत अडकला. मागे रांग लागली होती.

"आवरा लवकर," रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

शेवटी आईने वर्गाच्या कोपऱ्यात लुगड्याचा पडदा धरला आणि त्याच्याखाली टोपलं सरकवलं. पडद्याआड काय चाललंय हे आंधळ्या आजीलासुद्धा कळत होतं. जवळच्या दोन कुटुंबांनी आपली अंथरुणं उचलून दुसऱ्या भिंतीला नेली. त्यानंतर थोरल्याने पाणी पिणं बंद केलं. आई पेला पुढे करायची, तो ओठ ओले करून परत द्यायचा.

वारा फिरला आणि आग डोंगराच्या पलीकडे उतरली. लोक गाठोडी बांधून घरी गेले. लोहाराचा भाता थंड पडला होता, दूधवाल्याच्या म्हशी तटतटल्या होत्या. वर्ग रिकामा झाला. खिडकीखाली थोरला आणि आई तेवढी राहिली.

"येतील," आई म्हणाली.

शाळेचा शिपाई वर्ग झाडायला आला आणि त्यांच्याभोवतीने झाडून गेला. खाली आणायला चौघं ठरले होते. वर न्यायचं कुणी ठरवलंच नव्हतं. कुणाला आठवलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी धाकट्याने कडब्याची गाडी वर जात होती तिला थांबवलं आणि थोरल्याला कडब्यावर टाकलं. चढावर गाडी कलली की तो दोन्ही हातांनी पेंढ्या धरायचा.

"वर चढवायची हमाली वेगळी पडते," गाडीवाला धाकट्याला म्हणाला. थोरल्याला ऐकू आलं. त्याने ते न ऐकल्यासारखं केलं.

*

दुसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा दूधवाला उशिरा आला आणि खाणीतला जोडीदार आलाच नाही. तिघांनी उचललं. मागचा एक बांबू आईने खांद्यावर घेतला.

"मागच्या वेळी काय झालं?" लोहार चालता चालता म्हणाला. "काही नाही. मी दोन दिवस भट्टी विझवून बसलो. आजही काही होणार नाही."

"खांदा भरून आलाय माझा अजून," दूधवाला म्हणाला. "दिवसेंदिवस जड होतोयस का रे बैठ्या?"

"बसून खातो ना," थोरला म्हणाला. नेहमीसारखं कुणी हसलं नाही.

ओढ्याच्या उताराला आईचा पाय घसरला आणि बांबू सुटला. खुर्ची तिरकी होऊन थोरला तोंडावर आपटला. ओठ फाटला. आईने लुगड्याचा पदर त्याच्या ओठांवर दाबला आणि दूधवाल्याची माफी मागायला लागली. कशाची माफी, ते तिलाच ठाऊक.

वर्गात या वेळी खिडकीखालची जागा कुणीतरी आधीच धरली होती. त्याला दाराशी बसवलं. दुपारपासून त्याच्या पोटात कळा येत होत्या. आई टोपलं शोधायला गेली, आणि ती यायच्या आत व्हायचं ते होऊन गेलं. कमरेखालचं त्याला कळत नव्हतं. वासाने कळलं. त्याच्या आधी इतरांना कळलं.

गिरणीवाल्याची बायको पोरांना भात कालवत होती. तिने हात थांबवला. "इथं आमची पोरं जेवतायत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, नुसतं सांगितलं. "याला बाहेर घ्या ना कुणीतरी."

कुणी उठलं नाही. उचलायचं म्हणजे हात लावायचा. आई आली, तिने बघितलं, आणि बादली आणायला गेली. मग भरल्या वर्गात, सगळ्यांच्या पायांमधून, गुडघ्यांवर बसून तिने फरशी धुतली. थोरल्याला कुशीवर वळवायला तिला जोर पुरेना. धाकटा बाहेर मैदानात होता. त्याची बायको समोरच्या भिंतीला बसली होती. सासू आपल्याकडे बघतेय हे तिने पाहिलं आणि मान वळवून शेजारणीच्या तान्ह्या पोराचं टोपडं बांधायला लागली. आंधळी आजी तेवढी उठून चाचपडत आली आणि तिने थोरल्याचा खांदा धरून ओढला. तिच्या सुनेने तिला मागे नेलं.

त्या वेळीही आग आली नाही.

गाडीवरून घरी आल्यावर थोरल्याने ओठावरचं वाळलेलं रक्त धुतलं. मग म्हणाला, "आता मी जायचा नाही."

"कुठे?"

"खाली. भोंगा वाजो नाहीतर आभाळ कोसळो."

आई वाख विंचरत होती. "नको जाऊस," ती म्हणाली. "मी नेईन तुला दुसरीकडे. पाठीवर घेऊन नेईन. नेत नव्हते?"

"तेव्हा मी पोर होतो."

"ये," आई म्हणाली. तिने फणी खाली ठेवली आणि त्याच्यापुढे पाठ करून उकिडवी बसली. तो नको म्हणत होता, पण तिने त्याचे हात ओढून गळ्यात घेतले. अंगाला अंग लागलं तेव्हा त्याला कळलं, की तिची पाठ किती लहान झाली होती. मणके छातीला लागत होते, टोपलीचे काठ लागावेत तसे. ती उठायला गेली. घशातून एक आवाज निघाला, आणि दोघंही अंगणात पडली, तो वर, ती खाली. तिला श्वास घेता येईना. त्याने हातांवर जोर देऊन स्वतःला बाजूला लोटलं.

थोडा वेळ दोघं तशीच आभाळाकडे बघत पडली. मग आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून ती हसत राहिली. थोरल्याला हसू आलं नाही.

*

दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या पद्धतीने तयारीला लागला. विळा घेऊन सरकत घराभोवतीचं गवत कापायला लागला. मुळासकट खरवडून माती उघडी करायची. ढुंगणाखाली पोतं बांधलं होतं, ते दोन दिवसांत फाटलं आणि खालची कातडी सोलली. आईने पाला वाटून लावला आणि तो परत सरकायला लागला. घराभोवती लाल मातीचा पट्टा वाढत गेला. भिंतीला टेकून ठेवलेला वाखाचा ढीग त्याने आईकडून लांब नेऊन टाकवला. पोती भिजवून दाराशी ठेवली.

मग टाकी. सगळी पानं त्याने उपसून काढली. दारापासून टाकीपर्यंत सरकायचं, कडेवर हात रोवायचे, अंग उचलून आत सोडायचं. पाणी छातीपर्यंत यायचं. डोक्यावर ओलं पोतं घेतलं की झालं. तो रोज करून बघायचा. बाहेर निघणं अवघड होतं, पण बाहेर निघायची घाई त्याला नव्हती.

धाकटा आला तेव्हा तो टाकीतच होता.

"म्हैस बरी," धाकटा म्हणाला. "काय चाललंय हे?"

"घर शोधलंय नवीन. भोंगा वाजला की मी इथे. तुम्ही आईला न्या."

"वेड लागलंय तुला? त्या बाई विचारतील."

"बाईंना सांग, याचा पहिला नंबर दुसऱ्या कुणाला द्या."

धाकट्याने काही वेळ त्या काळ्या पाण्याकडे बघितलं. "गाव म्हणतंय ते खोटं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही तुझा."

"मग गावाला बरंच झालं की. खांदा दुखायचा वाचला."

आई चुलीपाशी होती. थोरल्याने तिला तिथूनच हाक मारून सांगितलं, "ऐकलंस ना? तू खाली जायचं. आणि एकदा गेलीस की मागे फिरायचं नाही. मला शब्द दे."

"बरं," आई म्हणाली.

"नुसतं बरं नको."

"बरं म्हटलं ना."

*

तिसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा त्याच्या आधीच धूर आला होता. बेटाच्या वरचं आभाळ तांबूस झालं होतं आणि रानातले ससे, सरडे, साप अंगणातून सरळ खाली चालले होते, कुणी कुणाकडे न बघता. वारा डोंगरावरून खाली येत होता.

धाकटा आणि लोहार खुर्ची घेऊन आले. दोघंच. धावत आले होते आणि दोघांना धाप लागली होती.

"चल," धाकटा म्हणाला.

"सांगितलंय तुला," थोरला म्हणाला. तो टाकीच्या कडेला बसला होता. "आईला न्या."

"दादा, या वेळी खरं आहे."

"मला दिसत नाही का?"

धाकटा उभा राहिला. थोरला त्याच्या तोंडाकडे बघत होता. आता तो दंड धरेल, शिवी देईल, लोहाराला म्हणेल पाय धर. थोरल्याने मनातल्या मनात कडेवरची पकड थोडी सैल केली. दोघं होते. दोघांनी जोर लावला असता तर तो फार झटापट करणार नव्हता.

"बरं," धाकटा म्हणाला. "मग टाकीतून डोकं वर काढू नकोस."

एवढंच. थोरल्याने मान हलवली.

आई दाराला धरून उभी होती. "मी नाही येत," ती म्हणाली. लोहाराने तिचे हात चौकटीवरून सोडवले. ती चालेना, अंग टाकून द्यायला लागली, तेव्हा लोहार म्हणाला, "खुर्ची रिकामी कशाला न्यायची?" त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, पदराने कमरेला बांधलं आणि उचललं. तिचं ओझं ते काय, दोघं पुरले. तिला न्यायला बांबूंचीही गरज नव्हती. खाली जाताना ती मागे वळून बघत होती आणि तिचं तोंड हलत होतं, पण वाऱ्यात शब्द आले नाहीत.

थोरल्याने पोतं भिजवलं आणि टाकीत उतरला.

आधी बेट पेटलं. घायपाताची पानं आत पाणी धरून असतात, ती फुटायला लागली, एकामागून एक, बंदुकीसारखी. मग वारा गरम झाला. मग त्याला वारा म्हणावं असं काही उरलं नाही. लाल मातीचा पट्टा आगीने ओलांडला नाही. पण ठिणग्यांना पट्टा कुठला. त्या वरून आल्या आणि घराच्या छपरावर उतरल्या. छप्पर पेटलं तसा उजेड पोत्यातून आत आला. डोक्यावरचं ओलं पोतं वाफाळायला लागलं. तो नाकापर्यंत पाण्यात गेला. पाण्यालाही उकळी फुटेल असं वाटत होतं. श्वास घ्यायला तोंड वर काढलं तर धूर, आत घेतलं तर ते कुजकं पाणी. घराचा वासा कोसळला तेव्हा जमीन हादरली.

तेव्हा तो ओरडला. आपण ओरडतोय हे त्याला आधी कळलंच नाही. चाळिशी उलटलेला, मनगटं लोहारासारखी असलेला माणूस आई, आई, ये ना, ये ना म्हणून ओरडत होता, घसा फाटेपर्यंत, तोंडात काळं पाणी जाईपर्यंत. ऐकायला जवळ कुणी नव्हतं. शाळेपर्यंत तर ढोलसुद्धा ऐकू जात नसे.

*

धाकटा आला तेव्हा उजाडलं होतं. भिंती उभ्या होत्या, आत राख होती. थोरला टाकीच्या कडेवर कोपर टेकून होता. हाताची कातडी पाण्याने पांढरी होऊन सुटली होती. भुवया जळाल्या होत्या.

धाकटा त्याला बघून मटकन खाली बसला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं. "आई कुठाय?"

"तुझ्याकडे," थोरला म्हणाला.

"तुझ्याकडे आली ना ती. म्हणून तर मी..." धाकटा थांबला.

तो गाडीवाटेने आला होता. ती पायवाटेने आली होती. वळणाच्या खाली, जिथून घर दिसायला लागतं तिथे, ती सापडली. अंगावर कुठे भाजलं नव्हतं. ती धुराने गेली होती. खांद्यावरून आणि छातीवरून एक चऱ्हाट घेतलेलं होतं, थोरल्याच्याच हातचं, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची. बैलासारखी ती खुर्ची ओढत आली होती. एक बांबू वाटेत कुठेतरी निसटला होता.

तिला पोचवून आल्यावर थोरल्याला धाकट्याच्या घरी नेलं. मागच्या पडवीत त्याला जागा दिली. शेजारी सरपण होतं, पण कोरडी जागा होती. दूधवाला भेटायला आला. पायरीवर बसला.

"दारात मीच होतो," तो म्हणाला. "शाळेच्या. धाकटा पाणी आणायला गेला होता. ती खुर्ची ओढत आली. म्हटलं, कुठं चाललीस? तर म्हणाली, थोरला हाका मारतोय. येईन म्हणतोय. न्यायला बोलावतोय."

थोरला अंगठ्याच्या खाचेकडे बघत होता.

"मला काही ऐकू आलं नव्हतं," दूधवाला म्हणाला. "एवढ्या लांबून येणार कसं? पण म्हटलं, आई आहे. तिला येत असेल. म्हणून वाट सोडली मी."

तो गेला. थोरल्याने हिशोब करून बघितला. ती शाळेतून निघाली तेव्हा छप्पर पेटलंही नसेल. तेव्हा त्याने तोंडही उघडलं नव्हतं. तिने खोटं सांगितलं होतं, दारातून सुटायला. हे त्याला कळत होतं. पण आपण हाक मारली होती, हेही खरं होतं, आणि मारताना आई यावी असंच त्याला वाटत होतं.

गावात एव्हाना एकच बोललं जात होतं. नेत होतो तेव्हा आला नाही, आणि मग म्हातारीला बोलावून घेतलं. पाय नव्हते, आता आईही खाल्ली.

संध्याकाळी धाकटा खाणीतून आला. हातपाय धुतले नाहीत. पडवीच्या दारात उभा राहिला. आत त्याची बायको भाकरी थापत होती, तो आवाज थांबला.

"दूधवाला म्हणतो ते खरं?" धाकटा म्हणाला. "तू हाक मारलीस?"

थोरल्याने तोंड उघडलं. तिने खोटं सांगितलं म्हणायचं, तर ती या दोघांच्या हातून सुटून गेली, एवढंच उरत होतं. पाणी आणायला गेलेला धाकटा आणि वाट सोडणारा दूधवाला उरत होते. आणि धाकट्याने परत विचारलं असतं, म्हणजे तू हाक मारलीच नाहीस? त्यावर नाही म्हणणं खोटं झालं असतं.

"मारली," तो म्हणाला.

धाकटा उभाच राहिला. त्याच्या पापण्यांवरची भुकटी ओली झाली आणि डोळ्यांखाली चिखल झाला. मग तो आत गेला. थोड्या वेळाने भाकरीचा आवाज परत सुरू झाला.

जेवण मिळायचं. वाख आणून दिला जायचा. सकाळी परसाकडेला नेणं धाकट्याकडेच होतं, दुसरं कोण नेणार. आधी तो त्याला पाठीवर घ्यायचा. त्या दिवसापासून त्याने पाठ देणं सोडलं. मागून येऊन काखेत हात घालायचा आणि मागच्या मागे ओढत न्यायचा, तोंडाकडे न बघता. थोरला आता दिवसभर फारसं पाणी पीत नसे. टाचा मातीतून घासत जायच्या. सोलून निघायच्या तेही त्याला दिसल्यावरच कळायचं. अंगणात दोन रेघा उमटायच्या, पडवीपासून कुंपणापर्यंत आणि परत. भावजय दुपारी झाडायला निघाली की त्याही झाडून टाकायची.